खानदेशातील बालकांचा भाजीपाला आहार

बालकांचा भाजीपाला आहार म्हणजे सहा महिन्यांपासून साधारण दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या रोजच्या जेवणातील पालेभाज्या, फळभाज्या, शेंगभाज्या व कंदमुळे यांचा वाटा, तसेच हा वाटा वाढवण्यासाठी घरी, अंगणवाडीत व शाळेत केले जाणारे प्रयत्न होत. मुले भाजी खात नाहीत ही तक्रार जगभरच्या पालकांची आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार मुख्यतः खानदेशाच्या, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या, आणि त्यातही फैजपूर, यावल, सावदा, रावेर या तापीखोऱ्यातील केळीच्या पट्ट्याच्या संदर्भात केला आहे. या भागाची खाद्यपरंपरा झणझणीत आहे, तिच्यात बेसनाला मोठे स्थान आहे आणि शिवार बहुतांशी केळी व कापूस या नगदी पिकांखाली असते. या तिन्ही गोष्टींचा परिणाम मुलांच्या ताटावर होतो.

‘भाजी’ या शब्दाची व्याप्ती

मराठीत ‘भाजी’ हा शब्द कच्च्या भाजीपाल्यालाही लागतो आणि पोळीभाकरीशी खाण्याच्या शिजवलेल्या पदार्थालाही. खानदेशात हा दुसरा अर्थ फार रुंद आहे. येथील प्रसिद्ध शेवभाजीत शेव आणि रस्सा असतो, भाजीपाला नसतो. पातोड्यांची भाजी ही बेसनाच्या वड्यांची, तर डुबुकवड्यांची भाजी ही उकळत्या रश्श्यात सोडलेल्या बेसनाच्या गोळ्यांची. कोरड्या उन्हाळ्यात हिरवी भाजी मिळणे कठीण होई, तेव्हा डाळीच्या पिठावर भागवण्याची ही युक्ती निघाली असावी, आणि चवीच्या दृष्टीने ती उत्तमच आहे. मात्र या सवयीमुळे हिशेबात गफलत होते. मूल सकाळी पिठले, दुपारी शेवभाजी आणि रात्री बटाट्याची भाजी खाते, तेव्हा आईच्या लेखी त्याने तिन्ही वेळा भाजी खाल्लेली असते. प्रत्यक्षात दिवसभरात त्याच्या पोटात भाजीपाला जवळजवळ गेलेलाच नसतो.

बटाट्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालआहाराच्या निर्देशकांत ‘आदल्या दिवशी भाजी वा फळ मुळीच न खाल्लेली बालके’ असा एक स्वतंत्र निर्देशक आहे. या गणनेत बटाटा आणि भाजीची कच्ची केळी यांना भाजी मानलेले नाही. ती तृणधान्ये व कंद यांच्या गटात धरली जातात, कारण त्यांतून मुख्यतः पिष्ट मिळते. केळीच्या मुलखात हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पिकलेले केळे हे फळ म्हणून मुलांसाठी सोयीचे व ऊर्जा देणारे खाद्य आहे. परंतु पालेभाजीतून मिळणारे कॅरोटीन व लोह त्यात फारसे नसते. घरात केळीचा घड टांगलेला आहे म्हणजे मुलाच्या आहाराची काळजी मिटली, असे समजणे बरोबर नाही.

रस्सा आणि फोडी यांतही भेद करावा लागतो. लहान मुले भाकरी रश्श्यात कुस्करून खातात आणि दोडक्याच्या, गिलक्याच्या किंवा वांग्याच्या फोडी ताटाच्या कडेला सारतात. रश्श्यातून चव मिळते आणि काही क्षार उतरतात. तंतू व जीवनसत्त्वांचा मोठा भाग फोडींतच राहतो.

पोषणातील स्थान

गडद हिरव्या पालेभाज्या (मेथी, पोकळा, पालक, शेवग्याचा पाला) आणि पिवळी-केशरी फळे व कंद (गंगाफळ, गाजर) यांतील बीटाकॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. बीटाकॅरोटीन नीट शोषले जाण्यासाठी जेवणात थोडे तेल वा तूप लागते; म्हणून बाळाच्या भाजीत चमचाभर तूप घालण्याची जुनी चाल शास्त्रालाही धरून आहे. पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणात लिंबू, टोमॅटो, आवळा किंवा कच्ची कोथिंबीर असली, तर क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते. उलट जेवणाबरोबर चहा दिल्यास ते घटते. लहान मुलांना बशीत चहा देण्याची सवय ग्रामीण भागात अजून पुष्कळ घरांत आहे आणि ती मोडण्यास कोणताही खर्च येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा ते एकोणसाठ महिने वयाच्या बालकांपैकी देशात ६७.१ टक्के, तर महाराष्ट्रात ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंत, वारंवारचे आजार, मातेचा रक्तक्षय आणि एकूणच अपुरा आहार यांचा त्यात वाटा असतो आणि केवळ भाजी वाढवल्याने तो जात नाही. तथापि आहारातील विविधता हा त्यावरील उपायांचा एक भाग आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत दोन हजार किलोकॅलरीच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. मुलांचे प्रमाण वयानुसार कमी असते. जेवणातला मोठा भाग भाज्या-फळांचा असावा, हे तत्त्व मात्र त्यांनाही लागू आहे.

मुले भाजी का नाकारतात

गोडाची ओढ आणि कडूचा तिटकारा जन्मजात असतो. आईचे दूध गोडसर असते, तर निसर्गातील अनेक विषारी वनस्पती कडू असतात. त्यामुळे कडू चव नाकारणे हे मूलतः संरक्षणच होय. कडू चवीची जाणीव सर्वांना सारखी नसते. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला असे आढळले की, फिनाइलथायोकार्बामाइड हे रसायन काहींना अत्यंत कडू लागते, तर काहींना त्याची चवच कळत नाही. हा भेद आनुवंशिक असून पुढे त्याचा संबंध टीएएस२आर३८ या जनुकाशी जोडला गेला. कोबी, फ्लॉवर, मुळा या वर्गातील भाज्यांत याच रसायनाच्या जातीची संयुगे असतात. एकाच घरातील एक भाऊ कोबी आवडीने खातो आणि दुसरा तोंड फिरवतो, तेव्हा दुसरा हट्टी आहे असे दरवेळी म्हणता येत नाही.

दुसरे कारण वयाचे आहे. साधारणतः दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान मुलाला अनोळखी अन्नाचा संशय वाटू लागतो. वर्षभराचे असताना दुधी, गाजर सगळे खाणारे मूल अडीच वर्षांचे झाल्यावर अचानक हिरवे काहीही नको म्हणते. आईला वाटते, कोणाची दृष्ट लागली किंवा लाडाने बिघडले. वस्तुतः हा वाढीचा एक टप्पा आहे. मूल चालू लागते, स्वतःच्या हाताने वस्तू तोंडात घालू लागते, तेव्हा अनोळखी पाल्याविषयी सावध असणे प्राचीन काळी त्याच्या हिताचेच असणार.

या टप्प्यावर पालक सहसा दोन-तीन वेळा भाजी वाढून पाहतात, आणि ‘याला आवडत नाही’ असा निकाल देऊन ती वाढणे बंद करतात. लिअन बर्च या अमेरिकन संशोधिकेने १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, नवा पदार्थ मुलाने जितक्या अधिक वेळा चाखला, तितकी त्याची आवड वाढत गेली. पुढील अभ्यासांतून आठ-दहा, काही मुलांच्या बाबतीत पंधरा वेळा चाखणे आवश्यक ठरते असे दिसून आले. येथे चाखणे म्हणजे जिभेवर घेणे. वाटीभर खाणे नव्हे. आठवड्यातून दोनदा नखाएवढी फोड या हिशेबाने ही मुदत एक ते दोन महिन्यांची होते. इतका काळ धीर धरणे हाच या विषयातील खरा कठीण भाग आहे.

अंगावरचे दूध आणि उष्टावण

चवीची ओळख जन्माआधीच सुरू होते. ज्युली मेनेला व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्या स्त्रिया गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस घेत होत्या, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचे अन्न अधिक सहजतेने स्वीकारले. आपल्याकडे बाळंतिणीला शेपू देण्याची चाल आहे. शेपूच्या बियांना तर बाळंतशोपा असेच नाव पडले आहे. दुसऱ्या बाजूला, ‘वातूळ’ म्हणून वांगी, गवार, कोबी अशा कितीतरी भाज्या बाळंतिणीला महिनोन्‌महिने वर्ज्य केल्या जातात. दूध वाढावे म्हणून दिलेल्या चार पदार्थांपलीकडे तिचा आहार जात नाही. अशा पथ्याला वैद्यकीय आधार कमी आहे, आणि बाळाची चवींशी होणारी पहिली ओळख त्यामुळे लांबते.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करावे, असे आरोग्य यंत्रणा सांगते. उष्टावणाचा संस्कार बहुधा खिरीने होतो आणि त्यानंतर कित्येक महिने बाळ मऊ भात, मुगाचे पाणी व दुधात कुस्करलेली पोळी यांवर असते. पहिल्या वर्षातील हा काळ महत्त्वाचा आहे, कारण अनोळखी अन्नाचा संशय तेव्हा जागा झालेला नसतो. शिजवून घोटलेला दुधी, गंगाफळ, गिलके, गाजर, पालकाचा मऊ लगदा असे एकेक पदार्थ मीठसाखर न घालता या वयात देता येतात.

तिखटाचा प्रश्न

खानदेशी स्वयंपाकात हिरवी मिरची, लसूण आणि काळा मसाला यांचा हात सैल असतो. पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात भाजीत गुळाचा खडा पडतो आणि मुलाला तेवढा आधार मिळतो. येथे तो सहसा पडत नाही. मुले भाजी नाकारतात असे जे म्हटले जाते, त्यांतील बरीच प्रकरणे तिखट नाकारण्याची असतात. आई म्हणते, ‘वांगे खात नाही’. मुलाने वांग्याची चव अजून घेतलेलीच नसते, कारण ती ठेच्याखाली दडलेली असते. मिरचीचा दाह आणि भाजीची चव यांची गाठ एकदा मुलाच्या मनात बसली की ती पुढे सोडवणे अवघड जाते.

भरताचे उदाहरण घेण्यासारखे आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आसोदा आणि फैजपूरजवळचे बामणोद ही गावे या वांग्यासाठी प्रसिद्ध आहेत. ही वांगी मोठी, फिकट हिरवी, पातळ सालीची आणि कमी बियांची असतात. हिवाळ्यात कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर ती भाजली की गर लोण्यासारखा मऊ होतो. या क्षणी, मिरची-लसूण ठेचून घालण्याअगोदर, मुलाच्या वाटीत दोन चमचे गर, किंचित मीठ आणि तेल किंवा तूप काढून ठेवले, तर वर्षा-दीड वर्षाचे बाळही भाकरीच्या पापुद्र्याबरोबर ते खाते. पंगतीत वरणबट्टीबरोबर वाढली जाणारी वांग्याची घोटलेली भाजीही याच रीतीने देता येते. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. फोडणीपूर्वी वाटी बाजूला काढण्याची आठवण ठेवावी लागते. मूल तीन-चार वर्षांचे झाले की वाटीत चिमूटभर मसाला वाढवत न्यावा, म्हणजे ते हळूहळू घरच्या भाजीपर्यंत येते.

कारल्यासारख्या भाजीची गोष्ट निराळी. मीठ चोळून, पिळून, कुरकुरीत तळून किंवा चिंचगूळ घालूनही ती काहींना आवडत नाही. मोठ्यांपैकीही अनेकांना ती आवडत नाही, तेव्हा मुलांकडून तिचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

सक्ती, आमिष आणि लपवाछपवी

‘ताटात टाकायचे नाही’ हा नियम अन्नाची टंचाई पाहिलेल्या पिढ्यांनी घातला. त्यामागची भावना आदरणीय आहे, पण लहान मुलाच्या बाबतीत त्याचा परिणाम अनेकदा उलटा होतो. बालवाडीच्या वयाच्या मुलांवरील अभ्यासांत, खाण्याचा आग्रह झाला तेव्हा मुलांनी कमी खाल्ले व त्या पदार्थाविषयी अधिक नापसंती दाखवली. आमिषाचेही तेच. ‘भाजी संपव, मग कुरकुऱ्याची पुडी’ असे म्हटल्याने भाजी ही शिक्षा आणि पुडी हे बक्षीस, हे मूल लगेच शिकते. शिवाय पाच रुपयांच्या पुडीने जेवणाआधीच भूक मारलेली असते. भूक नसलेल्या मुलासमोर कोणत्याही युक्तीचा उपयोग होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची विभागणी सुचवली आहे. काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे, किंवा खायचे की नाही, हे मुलाने. ही कल्पना आपल्या घरांत पचायला जड जाते. आजीला नातवाने चार घास कमी खाल्लेले पाहवत नाही. चिऊकाऊचे घास करून भरवणे हा प्रेमाचा भाग आहे आणि तो पहिल्या दोन वर्षांत ठीकच आहे. भरवण्याची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे ते मात्र घातक. पडद्याकडे पाहत गिळलेल्या घासाची चव मुलाला कळत नाही, आणि चवीची ओळख हाच तर सगळा उद्देश आहे.

मेथीचे थालीपीठ, पालकाच्या पुऱ्या, दुधीचे मुठिये, गाजर-कोबी घातलेले धिरडे अशा पदार्थांतून भाजी पोटात जाते, म्हणून ते अवश्य करावेत. पण मुलाला फसवण्यासाठी नव्हे. थालीपिठातील मेथी मुलाला दाखवावी, निवडायला बसवावी. लपवलेली भाजी सापडली की पुढच्या वेळी ते थालीपीठही नाकारते.

अमेरिकेतील डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात सुरू केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. नुकत्याच दूध सुटलेल्या १५ बालकांसमोर ३४ पदार्थ ठेवून त्यांना हवे ते खाऊ दिले. मुले चांगली वाढली. यावरून ‘मुलांना आपोआप योग्य तेच कळते’ असा अर्थ काढण्यात येतो, तो अपुरा आहे. त्या ३४ पदार्थांत साखर, मैदा, तळलेले असे काहीच नव्हते, आणि युक्ती पदार्थांच्या यादीतच आहे असे डेव्हिस यांनी १९३९ मध्ये स्वतःच लिहून ठेवले.

शेत, सण आणि बाजार

जेवणात भाजी टाळणारी मुले शेतात गेल्यावर कोवळी काकडी, गाजर, मुळा, हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या ओल्या शेंगा न सांगता खातात. तेथे कोणी आग्रह करत नाही, स्वतः तोडण्याची मजा असते, आणि चव कच्ची व ताजी असते. घरी जेवणाआधी भुकेच्या वेळी काकडी-गाजराच्या फोडी समोर ठेवल्या तर हाच अनुभव येतो. चार वर्षांखालील मुलांना मात्र कच्चे गाजर, अख्खे वाटाणे, शेंगदाणे असे कडक किंवा गोल तुकडे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांच्यासाठी गाजर वाफवावे किंवा किसावे.

सणांनीही भाज्यांना मान दिला आहे. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने परत ताटात येते. भोगीला बाजरीच्या भाकरीबरोबर हंगामातील सर्व भाज्यांची एकत्र भाजी होते आणि ऋषिपंचमीलाही मिश्रभाजीचा मान असतो. एरवी घेवड्याला हात न लावणारे मूल सणाच्या पानावरची भाजी निदान चाखते.

नेहमीच्या दिवसांचे चित्र वेगळे आहे. केळी व कापूस यांच्या सलग लागवडीत बांधावरचे वेल आणि मळ्यातील वाफे मागे पडले, तशी शेतकऱ्याच्या घरीही भाजी आठवडे बाजारातून येऊ लागली. बाजारानंतर पहिले दोन-तीन दिवस पालेभाजी, पुढे बटाटे, डाळी आणि बेसन असा आठवडा जातो. अंगणातील एक शेवगा, मांडवावर गिलक्याचा वा दोडक्याचा वेल आणि सांडपाण्यावर वाढणारा पोकळा किंवा अळू एवढ्यानेही आठवड्याचा उत्तरार्ध सुधारतो.

अंगणवाडी आणि शाळा

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यातील अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतो. राज्याच्या आदिवासी क्षेत्रांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली बालकांना अंडी किंवा केळी दिली जातात.

शालेय मध्यान्ह भोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर धान्याऐवजी शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. महाराष्ट्रात ही योजना शालेय पोषण आहार म्हणून रुळली. २०२१ पासून तिचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, तर सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. तांदूळ वरून येतो. भाजी आणि इंधन शाळेला स्थानिक पातळीवर घ्यावे लागते. त्यामुळे टोमॅटो-कांद्याचे भाव चढले की पातेल्यातील भाजी पातळ होते. ठरलेले ५० ग्रॅम प्रत्येक ताटात पडतात की नाही, हे तांदळाच्या पोत्याइतक्या सहजतेने मोजता येत नाही. या योजनेचे हे सर्वांत दुबळे अंग म्हणावे लागेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे व अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय घेतला.

शाळेची पंगत एका बाबतीत घरापेक्षा वरचढ आहे. बर्च यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एखादी भाजी न आवडणाऱ्या मुलाला ती आवडणाऱ्या सोबत्यांबरोबर काही दिवस जेवायला बसवले, तेव्हा त्याने ती निवडायला व खायला सुरुवात केली. ओळीत बसलेल्या तीस मुलांपैकी दहा जणांनी खिचडीतील दुधी खाल्ला की उरलेल्यांचा विरोध सैल होतो, हे शिक्षकांच्या नित्य पाहण्यातले आहे. शिक्षक स्वतः पंगतीला बसले तर आणखी फरक पडतो.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि महाराष्ट्रात अनेक शाळांनी परसबागा केल्या. त्यांतून पातेल्याला पुरेल इतकी भाजी क्वचितच निघते; उन्हाळ्याच्या सुट्टीत पाण्यावाचून बाग वाळते आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तरीही स्वतः लावलेल्या मेथीची जुडी उपटणारे मूल ती चाखल्याशिवाय राहत नाही, एवढा लाभ निश्चित आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या तडवी, पावरा व भिल्ल कुटुंबांतील मुलांना पावसाळ्यात कटुर्ले, तरोटा, कुर्डू, घोळ, चिवळ अशा रानभाज्या परिचयाच्या असतात. कृषी विभाग अलीकडे ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. शाळेत या भाज्यांची नावे सांगण्याचा मान याच मुलांना दिला, तर घरी खाल्ल्या जाणाऱ्या भाजीची लाज वाटण्याचे प्रकार कमी होतात.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

भाजी न खाणारी बहुसंख्य मुले निरोगी असतात व सहा-सात वर्षांनंतर हळूहळू खाऊ लागतात. मुलाचे वजन काही महिने वाढत नसेल, ते मोजकेच पाच-सहा पदार्थ खात असेल, विशिष्ट पोत असलेल्या अन्नाने त्याला दरवेळी उमासे येत असतील, गिळताना ठसका लागत असेल, किंवा खाण्याच्या तक्रारीबरोबर बोलणे व मिसळणे मागे पडलेले दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची सवय हे रक्तक्षयाचे लक्षण असू शकते; अशा मुलाची रक्ततपासणी करून घ्यावी. वजनाची नोंद अंगणवाडीत नियमित होत असते आणि तेथील वाढीचा तक्ता पालकांना पाहायला मिळतो.